लाल गाडीची स्टेपनी

बायनाबाई : चार चाकं हायेत की गाडीला. पाचवं कायला पायजे?

पंडित : चारावर चालती आक्का. पाचवं फुटल्यावर लागतं. त्यालाच स्टेपनी म्हणतात. लांबच्या वाटंला स्टेपनीबिगर कुणी निघत न्हाई.

बायनाबाई : आन त्या तुझ्या सायकलीला बांधलंय ते?

पंडित : तेच. पालमहून आणलं. एस्टीच्या टपावर टाकून परभणीपर्यंत, आन तिथून सायकलीवर. आता कापसाच्या जिनिंगात नेऊन मालकाच्या पुढ्यात टाकायचं, की सुटलो.

बायनाबाई : सुटलो म्हणतोस आन तोंड तर असं केलंस, जसं काही मयताहून आलास. बस. च्या ठेवते. हे येतील एवढ्यात, पॅसेंजर गेली की फाटक उघडून येतात.

पंडित : दाजींशीच काम हाय माझं.

बायनाबाई : आधी माझ्याशी बोल. ह्या चाकापायी तू किती दिवस झाले फिरायलास. आई म्हणत व्हती, पंडितला घरचं जेवण ठाऊक न्हाई औंदा.

पंडित : काय करू. ती गाडीच तशी हाय. जयवंतमालकानं हैदराबादेहून आणली, कुण्या नवाबाच्या घरची. लाल, बुटकी, वर ताडपत्रीचं छप्पर, ते बी काढून ठेवलेलं. आत दोनच सीटा. चाकं एवढीशी. अँबेसिडरचं बसत न्हाई, फियाटचं बसत न्हाई, जीपचं तर नावच नको. पूर्णेला गेलतो. तिथला दुकानदार म्हणला, हे काय लेकराच्या गाडीचं मागायलास? नांदेडला गेलतो. तिथं एक म्हातारा मिस्त्री भेटला, त्यानं गाडीचं वर्णन ऐकून घेतलं आन म्हणला, बेटा, टायर शोधू नको, हेराल्ड गाडी शोध. तिचं चाक अख्खंच्या अख्खं बसतं, बोल्टासकट. पालमला एका वकिलाकडं हाय, बघ.

बायनाबाई : मंग वकिलानं दिलं?

पंडित : वकील वारले. दत्तोपंत म्हणून व्हते. तापानं गेले म्हणं. त्यांची बायको हाय, लीलाबाई. गाडी लिंबाखाली हुबी, अर्धी चाकं मातीत गेलेली, मागच्या सीटवर कोंबड्या बसायल्या. बाईनं मला ओसरीवर बसवलं. सगळं इचारलं, कुणाला पायजे, कायला पायजे. म्या सांगितलं. मंग म्हणल्या, घेऊन जा. किंमत सांगा म्हणलं तर हात हालवला. एकच इचारलं. म्हणल्या, ती दोघांचीच गाडी असते ना, मग तुमच्या मालकाच्या शेजारी कोण बसणार आहे?

बायनाबाई : काय सांगितलंस?

पंडित : म्हणलं, मालूम न्हाई.

बायनाबाई : असं इचारलं तरी कामून तिनं? चाकाचं आन शेजारच्या सीटचं काय?

पंडित : कारण म्या तिला सांगितलं व्हतं मालक काय करणार हायेत ते. आक्का, त्यांना रेल्वेसंगं गाडी पळवायचीय.

बायनाबाई : पुन्यांदा?

पंडित : तुला मालूम हाय?

बायनाबाई : माझ्या डोळ्यापुढं तर झालं. शिमग्याच्या आधी. ह्या इथून दिसत व्हतं सगळं. तिकडून पॅसेंजर यायली आन कडेच्या रस्त्यानं ही लाल गाडी. डब्यातली माणसं दारात येऊन बघायली. आन फाटकाच्या अलीकडं गाडीचं चाक फुटलं. भेलकांडत जाऊन शेतात हुबी राहिली. मंग काय, अख्खी रेल्वे हसायली. खिडक्यातनं टोप्या हालवल्या, शिट्ट्या मारल्या. विंजनवाल्यानं बी शिट्टी लांबवली. ते पोरगं मैलाच्या दगडावर जाऊन बसलं. म्या पाण्याचा तांब्या नेऊन दिला. घेतला न्हाई. मला वाटलं, आपल्या हातचं नको आसंल.

पंडित : तसं नसंल. तहानच कळली नसंल त्यांना.

बायनाबाई : तेच. तांब्याकडं बघितलं बी न्हाई. रेल्वे कवाच गेली व्हती, तरी तिकडंच बघत व्हता. म्या तांब्या खाली ठेवून माघारी आले. मला भ्या वाटलं त्याचं.

पंडित : त्या दिवसापासनं हेच चाललंय. त्यांचे वडील, मोठे मालक भगवानराव, समजावून थकले. शाळेत शिकवलेल्या माधवराव मास्तरांनी सांगून बघितलं. जयवंतमालक कुणावर ओरडत न्हाईत, भांडत न्हाईत. एवढंच म्हणतात, स्टेपनी नव्हती म्हणून हसले. स्टेपनी आणा.

बायनाबाई : आन आता आणली तू. हे आले बघ. अहो, पंडित आलाय.

आश्रुबा : जयभीम. कवा आलास?

पंडित : जयभीम दाजी. आत्ताच. तुमच्यासाठी मालकाचा निरोप हाय.

आश्रुबा : कोण्या मालकाचा?

पंडित : जयवंतमालकाचा. येत्या सोमवारी, सकाळच्या पॅसेंजरला. ते म्हणले, त्या दिवशी फाटक जरा उशिरा लावा.

आश्रुबा : उशिरा म्हंजे कवा?

पंडित : त्यांची गाडी गेल्यावर.

आश्रुबा : स्टेशनातून घंटी आली की फाटक लागतं. त्याला उशीर नसतो.

पंडित : मला मालूम हाय दाजी. म्या बी तेच म्हणलं त्यांना. तर म्हणले, तू इचारू नको. नुसतं सांग. रस्ता तिथंच रूळ ओलांडतो, दुसरीकडून जागा न्हाई. रेल्वेच्या पुढं फाटक पार केलं की जिंकलो, म्हणले.

आश्रुबा : आन न्हाई झालं पार तर?

पंडित : ते म्या इचारलं न्हाई.

बायनाबाई : इचारायचं व्हतंस.

पंडित : त्यांच्यापुढं तोंड उघडत न्हाई आक्का. आन वरून आईचं बोलले.

बायनाबाई : आईचं काय बोलले?

पंडित : काहीच न्हाई. म्हणले, कुसुमबाई बरी हाय ना? जिनिंगातली खोली गळत न्हाई ना औंदा? जुनी खोली हाय, म्हणले, माणूस आत असताना पडायला नको. एवढं बोलले आन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आश्रुबा : फाटक लागंल.

पंडित : दाजी, माझं ऐका तर खरं.

आश्रुबा : ऐकलं. त्या रेल्वेत मिरच्या इकायला निघालेल्या बाया असतात. कोर्टाच्या तारखंला निघालेली माणसं असतात. फाटक लागंल. दांडा लोखंडाचा हाय, मैलावरनं दिसतो. तो थांबंल.

पंडित : न्हाई थांबणार. तुमी त्यांना चालवताना बघितलं न्हाई. ते पुढं बघतच न्हाईत. मान अशी कडंला, आन नजर विंजनाच्या चाकावर. ते फुटलेलं चाक कसंबसं सांधून घेतलंय, आन रोज मालगाडीसंगं सराव चाललाय त्यांचा. परवा पेडगावच्या अलीकडं कडब्याची बैलगाडी आडवी आली, म्या ओरडलो, मालक, बैलगाडी, बैलगाडी. त्यांना ऐकूच आलं न्हाई. म्या हात घालून स्टेरिंग वढलं म्हून.

बायनाबाई : तू कुठून वढलंस?

पंडित : आं?

बायनाबाई : स्टेरिंग कुठून वढलंस रे? तू कुठं व्हतास?

पंडित : शेजारी.

बायनाबाई : मंग सोमवारी शेजारी कोण बसणार हाय?

आश्रुबा : बोल की. बहीण इचारायली.

पंडित : मीच. मालक म्हणतात, नुसत्या स्टेपनीचा काय उपेग, बदलायला माणूस पायजे. फुटलं की उडी मारायची, जॅक लावायचा.

बायनाबाई : आन त्या पालमच्या बाईला म्हणलास मालूम न्हाई.

पंडित : तिच्यापुढं तोंडातून निघालं न्हाई. ती माझ्याकडं असं बघत व्हती, जसं तिला आधीच कळलंय. म्या गाडीचं चाक काढून न्यायलो आन ती दारात हुबी. म्हणली, सांभाळून जा. कुठं सांभाळू? आक्का, आजून एक हाय. हे चाक बी धड न्हाई.

आश्रुबा : दिसतंय. बाजूनं चिरा गेल्यात.

पंडित : किती वर्सं उन्हात पडलेलं. पालमला सूर्यभानचं पंक्चरचं दुकान हाय, त्याच्याकडं नेलं. त्यानं टायर खोललं, आतून गेटर मारला. गेटर म्हंजे आतून लावायचा रबराचा जाड तुकडा. हवा भरली, पाण्यात बुडवून बघितलं. धरली हवा. म्हणला, काम भागंल. गावातल्या गावात न्या, सावकाश न्या. पळवाल तर म्या सांगितलं न्हाई म्हणू नका.

बायनाबाई : आन त्याला न्यायचंय पळवायलाच.

पंडित : व्हय.

बायनाबाई : सांगणार हायेस का मालकाला हे?

पंडित : येताना सगळ्या वाटंनं तोच इचार करायलो. सांगितलं तर म्हणतील, दुसरं आण, आन पुन्यांदा माझी वणवण. न सांगावं तर... न्हाई सांगितलं तर काय व्हईल, हे बी मनात येऊन गेलं. शेजारी मी नसतो तर कदाचित गप्पच बसलो असतो. असा इचार आला आक्का. खोटं कायला बोलू.

बायनाबाई : इचार आला तर आला. त्याचं पाप न्हाई लागत. ऐक आता. आधी आई. म्या आजच जाते तुझ्याबरूबर जिनिंगात. म्हणते, माझं दुखणं वाढलंय, स्वैपाकाला माणूस पायजे. आईला घेऊन येते. तिची पेटी, तिचं जातं, सगळं. खोली पडू दे मंग खुशाल.

पंडित : त्यांना समजंल.

बायनाबाई : समजू दे. आई इथं आली की मंग तू त्याच्या पुढ्यात चाक ठेव आन खरं ते सांग. चिरा हायेत, गेटर हाय, फाटक लागणार हाय, आन मी बसणार न्हाई.

पंडित : तेवढं बोलायला...

आश्रुबा : बोलावं लागंल. रेल्वेच्या संपाच्या वक्ताला मला बी साहेबापुढं तोंड उघडावं लागलं. उघडलं. बोलून झालं की तिथं थांबायचं न्हाई. सरळ पूर्णेला जा. माझा भाऊ माल उतरवायच्या कामावर हाय तिथं. त्याच्याकडं राहा.

पंडित : आन तुमी?

आश्रुबा : मी कुठं जातो. मी फाटकावर.

(पाऊस सरत आलेला. तेच अंगण. दारात बांधलेली गाठोडी, पेटी, उलटी ठेवलेली खाट.)

पंडित : हे जातं राहू दे आक्का, मी उचलतो. आई कुठं हाय?

बायनाबाई : शेजारणीकडं गेलीया निरोप घ्यायला. तू असा वाळून गेलास रे. पूर्णेत जेवण मिळतं का न्हाई?

पंडित : मिळतं. ट्रकवर लागलोय आता, बरं चाललंय. तुमच्यावर चौकशी बसली आन बदली झाली, एवढंच कळलं. बाकी त्या सोमवारचं मला अजून धड मालूम न्हाई. प्लॅटफॉर्मवर जो तो येगळंच सांगायचा. कुणी म्हणायचं मालक गेले, कुणी म्हणायचं दाजी गेले. म्या किती रात्री डोळा लावला न्हाई.

आश्रुबा : आधी तू सांग. तू त्याला काय बोललास?

पंडित : जे ठरलं तेच. आक्का आईला घेऊन गेली, मंग म्या चाक त्यांच्या पुढ्यात ठेवलं. सगळं सांगितलं. गेटरचं, फाटकाचं, माझं. वाटलं, आता पायातलं काढतील. न्हाई मारलं. खाली बसले, चाकावरनं हात फिरवत राहिले, जसं कुण्या जनावराला गोंजारावं. मंग म्हणले, चांगलं आणलंस पंडित. जा. एवढंच. मी जिनिंगाच्या फाटकापर्यंत चालत आलो आन तिथून जे पळालो.

बायनाबाई : आम्ही आईची पेटी उचलली तवा बी तो नुसतं जा म्हणला, म्हणूनच आईला बरं वाटलं न्हाई. म्हणली, शिव्या दिल्या असत्या तर मी निजले असते.

पंडित : मंग सोमवारी आले?

बायनाबाई : आले की. एकटेच. घंटी आली, ह्यांनी फाटक लावलं. मी कपडे वाळत घालत व्हते. रस्त्याच्या टोकाला धूळ दिसली. पहिल्यांदा वाटलं, फाटक दिसलं की येग कमी करील. येग काही कमी व्हईना. तिकडं रेल्वेचा धूर बी दिसायला लागला. दोघं बरूबरीनं. हे रस्त्यात जाऊन दोन्ही हात हालवायले. मी ओलं लुगडं तसंच हातात धरून वर-खाली करायले. त्याचं तोंड आमच्याकडं न्हवतंच.

पंडित : विंजनाकडं.

आश्रुबा : तू सांगितलं व्हतंस तसंच. मंग माझ्या ध्यानात आलं. हा मोटार थांबवणार न्हाई. मी मोटार थांबवू शकत न्हाई. रेल्वे थांबवू शकतो.

पंडित : रेल्वे थांबवली तुमी?

आश्रुबा : लाल झेंडी घेतली, रुळामधून तिच्या तोंडापुढं पळालो. पहिल्यांदा ड्रायव्हरला वाटलं आसंल, येडा हाय. मंग ब्रेक लागला. चाकातनं ठिणग्या उडत व्हत्या. मी बाजूला उडी मारली. विंजन माझ्यापासनं बैलगाडीएवढ्या अंतरावर हुबं राहिलं.

बायनाबाई : मी डोळे मिटले व्हते. उघडले तर रेल्वे हुबी, आन मोटार फाटकाकडं येतेच हाय. पण सावकाश. शेजारी विंजन दिसंना तव्हा त्यानं मान पुढं केली म्हणायची. दांड्याला येऊन नुसतं टेकली गाडी. टण्ण असा आवाज झाला, बस. तो दांड्यावर तिच्या लाल रंगाचा ओरखडा हाय ना, तेवढंच.

पंडित : माणसं हसली आसतील पुन्यांदा.

बायनाबाई : कुणी हसलं न्हाई. त्याचंच तर भ्या वाटलं मला. अख्खी रेल्वे दारं-खिडक्यांत, आन चिडीचूप. लेकरू रडल्याचा बी आवाज न्हाई. तो उतरला. रुळातनं चालत ह्यांच्याकडं आला.

आश्रुबा : म्हणला, माझ्यासाठी रेल्वे थांबवलीस? म्या म्हणलं, न्हाई. रेल्वेसाठी थांबवली.

पंडित : मंग?

आश्रुबा : बरं, म्हणला. माघारी गेला, गाडी वळवली आन निघून गेला.

पंडित : आन तुमच्यावर चौकशी बसली.

आश्रुबा : बसणारच. बिगर कारणाची रेल्वे थांबवता येत न्हाई. साहेबानं इचारलं, काय बघून झेंडी दाखवली. म्या म्हणलं, रुळावर जनावर व्हतं.

पंडित : दाजी, त्याचं नाव कामून घेतलं न्हाई? अख्ख्या गावानं बघितलं व्हतं.

आश्रुबा : गावानं एक लाल गाडी फाटकापाशी हुबी राहिलेली बघितली. बाकीचं कोणाला मालूम व्हतं? फाटक उघडं ठेव म्हणून निरोप कोणी आणला व्हता?

पंडित : म्या.

आश्रुबा : मंग साक्ष कोणाची लागली असती? साहेबाच्या माणसानं तुला पूर्णेत शोधायच्या आधी मालकाच्या माणसानं शोधलं असतं. जनावर व्हतं म्हणलं, संपलं. साहेबाला बी तेच पायजे व्हतं. किनवटच्या पलीकडं एक ठेसन हाय, जंगलात. तिथं टाकलं. जाऊ की. जंगलात बी फाटक असतं.

बायनाबाई : मला तर एका परीनं बरंच वाटतं. पंडित, तो रोज येतो इथं.

पंडित : कोण, मालक?

बायनाबाई : संध्याकाळच्या पॅसेंजरला. फाटक लागलेलं असतं, तो पलीकडं गाडी हुबी करतो. बाकीचे हॉर्न वाजवतात, शिव्या देतात. हा काही करत न्हाई. रेल्वे येते तशी बघतो, जाते तशी बघतो. फाटक उघडलं की माघारी वळतो. पलीकडं कुठं जायचंच नसतं त्याला. मी आताशा त्या येळेला दार लावून घेते.

पंडित : चाक लावलंय का त्यानं ते? माझं?

आश्रुबा : मागं बांधलंय.

पंडित : मंग आजून सोडलं न्हाई त्यानं मनातून. दाजी, तुमच्या जागी कोण यायलाय?

आश्रुबा : तरणा माणूस हाय. औरंगाबादकडचा. नवीन लग्न झालेलं. आज भल्या सकाळी घर बघायला आला व्हता.

बायनाबाई : चांगला हाय बोलायला. बायकोला आणायचं म्हणत व्हता. चुलीची जागा बघितली, इचारलं, पाणी कुठून आणता.

पंडित : लांबून आला म्हणायचा. परभणीहून एवढ्या सकाळी एस्टी कुठं असते?

बायनाबाई : एस्टीनं न्हाई आला.

पंडित : मंग?

बायनाबाई : मालकानं आणून सोडलं. शेजारी बसवून. तो घर बघून व्हईस्तोर बाहेर थांबून व्हता.

पंडित : दाजी, तुमी सांगितलं का त्याला? सगळं सांगायला पायजे व्हतं.

आश्रुबा : सांगितलं. घंटी कशी येते ते दाखवलं. झेंड्या कुठं ठेवायच्या ते दाखवलं. म्हणलं, बाबा, कुणी काही म्हणू दे, घंटी आली की आधी फाटक, मंग बाकीचं. ह्या गाडीवाल्याच्या नादी लागू नको, हे बी सांगितलं.

पंडित : काय म्हणला?

आश्रुबा : हूं हूं करत व्हता. त्याचं ध्यान बाहेर व्हतं, गाडीकडं. माझं बोलून झालं तव्हा म्हणला, मामा, लय पळती म्हणं ही.